काढ्याने किडनी सांभाळली जात नाही

करोनाच्या लाटेत सुरू झालेला सल्ला गोव्यात फोंडा-डिचोलीकडे अजून ऐकू येतो: 'किडनी बसवलीय ना? मग प्रतिकारशक्ती वाढवा, अमृतवेलीचा काढा घ्या.' सल्ला प्रेमाचा असतो, पण साफ उलटा.

बसवलेली किडनी शरीराला परकी वाटते. प्रतिकारशक्तीने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून ही शक्ती टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशा गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. साथ आली म्हणून गोळ्या मनाने थांबवल्या, तर शरीर किडनीच नाकारू शकतं. अमृतवेल, म्हणजे गुळवेल, प्रतिकारशक्तीला चाळवते असं मानतात. इथे नेमकं तेच नको. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते.

चतुर्थीच्या माटोळीतलं (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या मंडपीतलं) पपनसही जपून. ते खाल्ल्याने रक्तातलं टॅक्रोलिमस वाढू शकतं, आणि ते जास्त झालं की किडनीलाच त्रास. (माटोळीला खुशाल बांधा, फोडून खाऊ नका.)

करोनाची लस घ्यावीच. पण या गोळ्यांमुळे ती कमी लागू पडते, म्हणून दोन डोस झाले तरी किडनी बसवलेल्यांच्या तोंडावर मास्क होता. त्याला 'भित्रेपणा' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. घरच्यांनीही लस घ्यायची. ताप आलाच तर काढा उकळत न बसता त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन.