पाचोळा जळत नाही, धुमसतो

“पालापाचोळाच तर जाळतोय, प्लॅस्टिक थोडंच आहे?” बागेतल्या धुराबद्दल शेजाऱ्याकडे तक्रार केली की हे उत्तर हमखास येतं. पानं निसर्गातली, म्हणून त्यांचा धूरही निरुपद्रवी, अशी ही समजूत. तिच्या पोटात आणखी एक चूक दडलेली आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. पाचोळा जळतोय असं आपण म्हणतो, पण तो जळत नसतो. नीट जळला असता तर कुंपणापलीकडच्या घराला फारसं कळलंही नसतं.

वारा नसलेल्या खोलीत एक मेणबत्ती पेटवा आणि ज्योत स्थिरावली की फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक दोरी वर चढू लागेल. आता जळती काडी वातीला न टेकवता, वातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर त्या धुरातच धरा. ज्योत धुरावरून सरसर खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांत मुलांना हा प्रयोग करून दाखवला होता. ती पांढरी दोरी म्हणजे मेणाची वाफ थंड होऊन झालेले बारीक थेंब. धूर म्हणजे न जळताच निसटलेलं इंधन, ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की शेजारच्या ढिगाचं सगळं वागणं उलगडतं.

लाकूड किंवा पान थेट ज्वाळेत जळत नाही. आधी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातलं पाणी जातं. मग वनस्पतीचा सांगाडा बनवणारे तीन पदार्थ तुटू लागतात: २०० अंशांच्या पुढे हेमिसेल्युलोज तुटायला लागतं, साधारण ३०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात सेल्युलोज तुटतं, लिग्निन मात्र बऱ्याच मोठ्या पट्ट्यात रेंगाळत तुटत राहतं. या तुटण्याला पायरोलिसिस म्हणतात. त्याला ऑक्सिजन लागत नाही, नुसती उष्णता पुरते. त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारख्या चिकट पदार्थांची वाफ बाहेर पडते आणि मागे कोळसा उरतो. ही वाफ पुरेशी तापलेली असताना तिला हवा मिळाली तर ती पेट घेते. आपल्याला दिसते ती ज्वाळा म्हणजे हा पेटलेला वायू. ज्वाळेतून गेलेल्या वाफेचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातो. ज्वाळाच नसेल तर तीच वाफ थोडी वर जाते, गार होते आणि तिचे थेंब होतात. तोच आपल्या खिडकीत येणारा पिवळट पांढरा, जड, ठसका लावणारा धूर.

पानांच्या ढिगात ज्वाळा टिकत नाही, याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण पाणी. ताज्या छाटणीत वजनाच्या ७० टक्के पाणी असणं अगदी सामान्य आहे. १० किलो ओला पाला घेतला तर त्यात ७ किलो पाणी आणि ३ किलो कोरडा ऐवज. हे पाणी २५ अंशांवरून उकळवून त्याची वाफ करायला सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता लागते. कोरडा ऐवज पूर्ण जळला तर सुमारे ५४ मेगाज्यूल देतो. एक तृतीयांश गेले तरी दोन तृतीयांश उरले, मग अडतं कुठे? अडतं ते क्रमात. पाणी आपला वाटा आधी मागतं आणि पान आपली उष्णता नंतर देतं. पानात पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर सरकत नाही. त्यामुळे ढिगाच्या आतल्या निखाऱ्यांची उष्णता वरचे थर सुकवण्यात खर्च होते. मधे एक पट्टा असा तयार होतो की तिथे वायू सुटण्याइतकी उष्णता आहे, पण तो पेटण्याइतकी नाही. ढीग मग धुराचा कारखाना होतो.

दुसरं कारण हवा. वहीचं एक पान पेटवलं तर काही सेकंदांत संपतं. तीच वही मिटून विस्तवावर ठेवली तर कडा काळ्या पडतात आणि मधली पानं कोरी राहतात. ढिगातली पानं चपटी असतात, एकमेकांवर चिकटून बसतात, ओली असली तर आणखीच. आत ऑक्सिजन झिरपत झिरपत पोहोचतो. तेवढ्यावर ज्वाळा जगत नाही, पण कोळशाच्या पृष्ठभागावरचं मंद ज्वलन तगून राहतं. हेच धुमसणं. त्याचं तापमान साधारण ५०० ते ७०० अंश, आणि पुढे सरकण्याची गती मिनिटाला एखादा मिलिमीटर. या गतीने ३० सेंटिमीटर जाडीचा थर संपायला पाच तास लागतात. संध्याकाळी सातला काडी लावून माणूस जेवायला घरात जातो आणि ढीग मध्यरात्रीपर्यंत आपलं काम करत राहतो. किलोमागे निघणारे सूक्ष्मकण आणि कार्बन मोनॉक्साइड ज्वाळेपेक्षा धुमसण्यात कितीतरी जास्त असतात.

धुराच्या रंगावरूनही पुष्कळ कळतं. दाट पांढरा-पिवळट म्हणजे ओलं इंधन, डांबराचे थेंब आणि वाफ. पातळ निळसर म्हणजे कण फार बारीक आहेत, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. काळा म्हणजे ज्वाळा आहे पण हवा कमी, म्हणून काजळी. बागेच्या ढिगातून काळा धूर आला तर त्यात रबर किंवा प्लॅस्टिक पडलं असण्याची शक्यता मोठी. पीव्हीसीचा (क्लोरीन असलेल्या प्लॅस्टिकचा) तुकडा जळला की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. वाळवीपासून वाचवण्यासाठी तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेलं जुनं लाकूड जाळलं तर आर्सेनिक धुरातही येतं आणि राखेतही राहतं. कण्हेरीच्या फांद्याही जाळू नयेत, तिचा धूर विषारी असतो.

धूर वर जाण्याऐवजी आडवा का येतो? गरम हवा हलकी म्हणून वर चढते, पण धुमसणाऱ्या ढिगाचा धूर मुळातच कोमट असतो. त्यात संध्याकाळ. वर चढणारी कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे एक अंशाने गार होते. दुपारी जमीन तापलेली असते, वरची हवा त्याहून गार असते, म्हणून धूर तिच्यापेक्षा हलका राहतो आणि चढत जातो. सूर्य मावळला, आकाश निरभ्र असलं आणि वारा पडला की जमीन झपाट्याने उष्णता गमावते. तिला टेकलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार थर राहतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. या उबदार थराला धूर पोहोचतो तेव्हा तो भोवतालच्या हवेपेक्षा हलका उरलेला नसतो. तो तिथेच पसरतो, झाकण ठेवल्यासारखा. हे झाकण सकाळी ऊन चढल्यावरच उठतं. म्हणजे “संध्याकाळी गार असतं, तेव्हा जाळू” हा सर्वांत वाईट वेळेचा बेत. वारा असला तरी सुटका नाही, कारण भिंतीच्या किंवा घराच्या आडोशाला हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि धूर मागच्या खिडक्यांशी घुटमळतो.

धुराचे बहुतेक कण ०.१ ते ०.५ मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे पीएम २.५ मधलेही, अर्थात २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांमधलेही, बारीक. ०.३ मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत तासाला साधारण दीड सेंटिमीटर खाली येतो. माणसाच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला चार दिवस लागतील. “थोड्या वेळात बसेल” हा दिलासा म्हणून खोटा आहे. धूर बसत नाही, तो वाहून जावा लागतो. त्याच्याबरोबर डोळे चुरचुरवणारं अ‍ॅक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन आणि बेंझोपायरीन ही घातक रसायनंही येतात. धुराने जंतू मरतात, हवा शुद्ध होते, असं सांगणारे सर्वत्र भेटतात. फॉर्माल्डिहाइड जंतूंना मारतं हे खरं, पण ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीतही आहे. श्वासनलिकेतल्या पेशींना वगळून फक्त जंतू निवडून मारणारा धूर अस्तित्वात नाही.

धूर आला की खिडक्या लावा आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातला व न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा. हे हमखास विसरलं जातं. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा फटींतून आत ओढली जाते आणि ती धुराचीच असते. धूर सरल्यावर मात्र दारं-खिडक्या सताड उघडा, कारण तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. ओला पडदा किंवा साधा रुमाल या आकाराचे कण अडवत नाही. मास्क वापरायचा तर एन९५, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. हवा गाळणारं यंत्र घ्यायचं तर जाहिरात बाजूला ठेवून गुणाकार करा: खोली ४ गुणिले ३ मीटर, उंची २.७५, म्हणजे ३३ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राची शुद्ध हवेची क्षमता तासाला १६५ घनमीटर हवी. हेपा फिल्टर ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण धरतो, पण वास आणि वायू त्यातून निघून जातात. त्यांना सक्रिय कोळसा लागतो, तोही जाळीवर भुरभुरवलेला नव्हे, चांगला किलोच्या हिशेबात. ओझोन सोडणारी यंत्रं घरात आणूच नयेत, ओझोन स्वतःच फुप्फुसाला जाळतो.

शेजाऱ्याशी बोलायचं ते धूर नाकात असताना नको. दुसऱ्या दिवशी, ढीग विझलेला असताना बोला. त्याची एक अडचण समजून घ्या. जाळणारा माणूस नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहतो, नाहीतर त्यालाच उभं राहता येणार नाही. म्हणून त्याच्या अनुभवात हा धूर कधी येतच नाही. पुढच्या वेळी त्याला पाच मिनिटं तुमच्या खिडकीशी बोलवा, शब्दांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. तोवर एक वही ठेवा. तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, काय जळत होतं, आणि एकाच जागेवरून काढलेला फोटो, ज्यात कुंपण किंवा झाड अशी न हलणारी खूण असेल. स्वस्त पीएम २.५ मापक असेल तर धुराआधीचा तासभर आणि नंतरचा तासभरही आकडे टिपा. ही यंत्रं कणांवरून विखुरलेला लेसर प्रकाश मोजतात आणि दमट हवेत आकडा फुगवतात. आधीचा आकडा नसेल तर आकडा दमटपणामुळेच फुगला, असं समोरचा म्हणेल. तुलनेसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. उघड्यावर कचरा जाळण्यावर बऱ्याच ठिकाणी निर्बंध असतात. बोलणी फसली तर स्थानिक प्रशासनापुढे हीच वही उपयोगी पडते.

काही जण जाळायचं सोडणार नाहीत. त्यांच्याकडून निदान एवढं कबूल करून घ्या: फक्त वाळक्या काटक्या, पाला नाही. जाडजूड खाली, बारीक वर, आणि काडी वरून लावायची. खालून लावली तर सुटणारा वायू गार इंधनातून वर येतो आणि न जळता निघून जातो. वरून लावली तर त्याला ज्वाळेतूनच जावं लागतं. वेळ दुपारची. विझवताना बादलीभर पाणी ओतून निघून जाणं ही सर्वांत मोठी चूक. त्याने ज्वाळा मरते, धुमसणं मरत नाही, आणि रात्रभराचा धूर तयार होतो. मातीने झाकलं तर ढीग खाली कित्येक दिवस धुमसू शकतो. ढीग दाताळ्याने उसकटायचा, पाणी मारायचं, ढवळायचं, पुन्हा पाणी, हाताला गार लागेपर्यंत.

पानं मात्र कुजवावीत. नुसती वाळकी पानं एक-दोन वर्षं घेतात, कारण त्यांत कार्बन फार आणि नायट्रोजन कमी. जिवाणूंना ते प्रमाण ३० ला १ च्या आसपास लागतं. दोन-तीन घमेली वाळकी पानं, वर एक घमेलं कापलेलं ओलं गवत, असे थर द्या. पानं आधी चुरली तर काम पुष्कळ लवकर होतं. ढीग लांबी-रुंदी-उंचीला निदान एकेक मीटर हवा, नाहीतर आतली ऊब टिकत नाही. मूठभर ऐवज पिळला तर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर फार ओला, तिथे हवा संपून घाण वास सुटतो. अमोनियाचा वास आला तर वाळकी पानं वाढवा. सगळं जमलं की काही दिवसांत आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं आणि गार सकाळी ढीग उसकटला की त्यातूनही पांढरं काहीतरी वर येतं. ती वाफ. हातभर वर जाईपर्यंत ती विरून दिसेनाशी होते, डोळ्यांना झोंबत नाही आणि कुंपण ओलांडत नाही.