पटकथा वेगळी, संवाद वेगळे

जत्रेच्या नाटकांत काम करणारी आमच्या गोव्यातल्या पेडण्याची पोरं विचारतात, मला डायलॉग जमतात, मग मालिकेचा पटकथा लेखक व्हायला काय करू? घोळ इथंच आहे. टायटलमध्ये पटकथा आणि संवाद अशी दोन नावं येतात ती उगाच नाही, कामंच दोन आहेत आणि मालिकेत तर बहुतेकदा माणसंही दोन असतात.

आपल्याला हे कळायला मुंबई गाठायला नको, जत्रेतलं दशावताराचं नाटक आठवा. आज कुठलं आख्यान, राजा कधी येणार, राक्षस कधी, युद्ध कुठं, मरणार कोण, हे आधी ठरतं आणि मग नट रंगमंचावर जाऊन बोलणं तिथल्या तिथं रचतात, हातात लिहिलेली संहिता नसते. आधी ठरलं ती पटकथा, समोर बोलले ते संवाद.

आता एक सीन घेऊ. मुलगा घर विकायचे कागद घेऊन पडवीत येतो, आई कोकमाची सोलं वाळत घालतेय, ती कागद हातात घेते, वाचत नाही, खाली अंथरते आणि त्यावरच ओली सोलं पसरते, कागद लाल होत जातो. इथपर्यंत पटकथा. कोण काय करतं, कुठल्या क्रमानं, आणि सीन संपताना काय बदललेलं असतं. संवाद लेखकानं यात एकच वाक्य घातलं, ‘वाळू दे आधी, मग बघू’, तर सीन वर जातो. आणि आईच्या तोंडी वडलांच्या कष्टांवर अर्धं पान भाषण घातलं की कागदावरच्या त्या लाल डागाकडे कोण बघणार? मला तर वाटतं चांगल्या संवाद लेखकाची परीक्षा तो काय लिहीत नाही यावरच होते.

मालिकेत आधी कथेची वनलाइन, म्हणजे पुढं काय घडणार ते थोडक्यात, ठरते, पटकथाकार तिचे सीन पाडतो, चॅनलचा ओके आला की संवाद लेखकाकडे जातं, म्हणून शूटिंगच्या आदल्या रात्री जागरण बहुतेक त्याच्याच वाट्याला. पण नट अचानक रजेवर गेला किंवा लोकेशन हातचं गेलं की पटकथाकाराला परत बसावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि कितीतरी मराठी मालिका गोव्यात आल्या, तेव्हा मालिकेतलं घरच दिसणार नाही तर माणसं बाहेर कशाला गेलीत हे गोष्टीत पटवून देणं हे पटकथेचं काम होतं, नुसत्या डायलॉगनं ते झाकत नाही. मे महिन्यात इथलीही परवानगी थांबली, म्हणजे पुन्हा तेच.

सिनेमात दोन्ही एकानंच लिहिलेलं पुष्कळदा असतं, वेळही जास्त मिळतो.

आणि कुणाला ऐकवायच्या आधी लिहून काढा रे, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन स्क्रिप्टची नोंद करता येते. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला नसतो, कागदावर उतरलेल्या लिखाणाला असतो.

तुमचा हात कुठं चालतो ते बघायचं असेल तर स्वतःची एक एकांकिका घ्या आणि त्यातलं सगळं बोलणं खोडून उरलेलं घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. गोष्ट कळली तर पटकथा तुमच्या हातात आहे. नाहीच कळली, पण खोडलेली वाक्यं वाचून कुठलं कुणाचं ते नाव न बघता ओळखता आलं, तर आधी संवादाचं काम मागा.