सोलापूरच्या उन्हात चॉकलेट पांढरं का पडतं?

मे महिन्यातली गोष्ट. भाचीनं फडताळातून चॉकलेटची वडी काढली, कागद सोडवला आणि आई लगेच म्हणाली, "अगं, बुरशी आलीय त्याला, टाक ते." वडीवर पांढुरके ढग उमटले होते खरे, पण ती बुरशी नव्हती. दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेलं कोको बटर होतं ते. वडी मी ठेवून घेतली.

कोकोच्या सोललेल्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास हे बटर असतं आणि चॉकलेटचा सगळा स्वभाव त्याच्यावर ठरतो. गोठताना त्याचे रेणू एकमेकांवर सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी रचले जाऊ शकतात. पहिल्या रचनेचं बटर 17 अंशांच्या सुमाराला वितळतं, पाचवीचं 34 अंशांच्या जवळपास. चॉकलेट बनवणाऱ्यांना हवी असते ती पाचवी. त्यासाठी ते गडद चॉकलेट साधारण 45 अंशांपर्यंत तापवतात, 28 पर्यंत थंड करतात आणि पुन्हा 31-32 वर आणतात. यालाच टेंपरिंग म्हणतात. अशी वडी चकाकते, खट्‌कन मोडते आणि 37 अंशांच्या तोंडात गेली की विरघळू लागते. खोली आणि जीभ यांच्यामधल्या एवढ्याशा फटीत चॉकलेटचं सारं सुख आहे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि ती फट उरतच नाही. पाचवी रचना मोडते. रात्री बटर पुन्हा गोठतं ते कसंही, आणि त्यातलं काही पृष्ठभागावर येऊन पांढरं दिसतं. बोट चोळलं की हा थर वितळतो. फ्रिजमधून काढलेल्या वडीवर मात्र दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडालं की खरखरीत पांढरेपणा राहतो. तो बोटानं जात नाही. वडी खाण्याजोगी दोन्ही वेळा असते, फक्त मजा कमी होते. म्हणून उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये.

वडीच्या रूपातलं चॉकलेट तसं अलीकडचंच. इक्वाडोरमध्ये सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडले आहेत. पुढे माया आणि अझ्टेक लोक कोको प्यायचे. पाण्यात घोटलेला, कडू, अनेकदा मिरची घातलेला आणि वरून फेस आणलेला. बटर वेगळं काढायचं यंत्र नेदरलँड्समधल्या व्हॅन हौटेन यांच्याकडे 1828 साली आलं. 1847 साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं ते बटर कोको आणि साखरेत परत मिसळून साच्यात ओतलं, तेव्हा कुठे खायची वडी जन्मली. स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटर यांचं दुधाचं चॉकलेट 1875 चं.

त्यामुळे जगातले काही चॉकलेटचे पदार्थ टेंपरिंगवर अवलंबून नाहीत, आणि मला सोलापूरसाठी तेच जवळचे वाटतात. मेक्सिकोत मक्याचं पीठ, गूळ आणि चॉकलेट शिजवून चंपुराडो हे दाट, गरम पेय करतात. ज्वारीची आंबील प्यायलेल्या माणसाला त्याचा दाटपणा परका वाटणार नाही. ब्राझीलचा ब्रिगेडेरो म्हणजे आटवलेलं गोड दूध, कोको आणि लोणी परतून वळलेले लाडू. त्यांना आकार मिळतो तो आटलेल्या दुधामुळे, कोको बटरमुळे नव्हे. व्हिएन्नाचा झाखर केक 1832 चा मानतात. त्यावरचं चॉकलेटचं चकाकतं वेष्टण मात्र आपल्या उन्हात हळवं होईल.

फिलिपिन्समध्ये चिकट तांदळाची चॉकलेट घालून पेज करतात, चांपोराडो. नाव मेक्सिकोतूनच गेलेलं, मक्याच्या जागी तिथला तांदूळ आला. वाचवलेली वडी मी त्याच कामाला लावली. घरचा मऊ तांदूळ भरपूर पाण्यात शिजवला, त्यात वडीचे तुकडे टाकून ढवळलं आणि वरून दूध. पांढरे ढग क्षणात दिसेनासे झाले. भाचीनं दोन वाट्या संपवल्या. आईनं चमचाभर चाखलं आणि म्हणाली, "वेलची घालायची होतीस."