भाड्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं तर खर्च कोणाचा? बडोद्यातल्या भांडणामागचा इतिहास

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, समा, सयाजीगंज, अकोटा इकडे तळमजल्यांत पाणी भरलं आणि पाणी ओसरलं तशी घरमालक-भाडेकरूंची भांडणं सुरू झाली. वायरिंग कोणी करायचं, रंग कोणी काढायचा, आणि ज्या दिवसांत घरात पाय ठेवता आला नाही त्यांचं भाडं कशाला द्यायचं? ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला होता, तेव्हाही हेच.

या सगळ्याचं मूळ १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टमध्ये (मालमत्ता हस्तांतरण कायद्यात) आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ यांच्याबरोबर पुराचं नाव चक्क लिहिलेलं आहे, पण अट अशी की घराचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला पाहिजे नाहीतर कायमचा निकामी, तरच भाडेकरू म्हणू शकतो की करार संपला. आता आपल्याकडचा पूर बघा, दोन-तीन दिवसांत उतरतो, घर उभंच असतं, फक्त आत चिखल, फुगलेले दरवाजे आणि बंद पडलेले स्विच, म्हणजे ही तरतूद लागूच होत नाही. २०२० मध्ये लॉकडाउनच्या भाड्याच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टानेही हेच धरलं, जागा काही काळ वापरता आली नाही म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही. मला हा नियम भाडेकरूवर अन्यायच वाटतो. पण त्याच १०८ मध्ये भाडेकरूच्या बाजूचंही आहे, घर होतं तसं परत द्यायचं पण रोजची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती सोडून, म्हणजे पुराने ओल धरलेल्या भिंतींसाठी डिपॉझिट कापणं बरोबर नाही.

मग १९४७ चा मुंबईचा रेंट अ‍ॅक्ट, म्हणजे भाडे नियंत्रण कायदा. तेव्हा बडोदा गायकवाडांचं संस्थान होतं, १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, १९६० ला गुजरात झाला आणि हा कायदा इकडे चालूच राहिला. त्याचं कलम २३ सांगतं की घर राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम, आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरूने करून घ्यायचं आणि ठरलेल्या मर्यादेत भाड्यातून वळतं करायचं. फक्त त्यात ‘उलट करार नसेल तर’ असं आहे, आणि सगळी गडबड तिथेच होते. एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार रजिस्टर करावा लागतो, तो खर्च टाळायला सगळे ११ महिन्यांचा करतात, छापील मजकूर असतो, त्यात सगळी दुरुस्ती भाडेकरूच्या गळ्यात टाकलेली असते आणि आपण न वाचता सही करतो.

२०२१ ला केंद्राने मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट मंजूर केला, त्यात मात्र स्पष्ट आहे, पुरामुळे घर राहण्यालायक नसेल तर ते परत तसं होईपर्यंत मालकाने भाडं घ्यायचं नाही, वायरिंग, पाइप, रंग त्याच्याकडे, नळ आणि स्विच भाडेकरूकडे. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केला तरच लागू.

आणि फ्रिज, गाद्या, कपाटं? मालकाची चूक नसेल तर ते नुकसान भाडेकरूचंच, मालकाच्या विम्यात ते सहसा धरत नाहीत, त्यामुळे सामानाची पॉलिसी स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. नवीन करार करताना एवढं तरी लिहून घ्या की पाणी शिरलं तर साफसफाई कोणाची, वायरिंग कोणाचं आणि घर बंद असेल तेवढ्या दिवसांचं भाडं किती, आणि राहायला जाताना भिंतींचे तारखेसकट फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.