लामिन यमाल नेमका कुठला? : पार्श्वभूमी

दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत होते. त्या दिवशी गावात जेवढी माणसं दिसतात, तेवढी एरवी वर्षभर दिसत नाहीत. खानापूर-आटपाडी भागात घरटी कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात, आणि त्यापायी माणसं देशभर पांगलेली. माझा धाकटा भाऊ कोइम्बतूरला. त्याचा पोरगा तिथंच जन्मला, आता बारा वर्षांचा आहे. आजीशी मराठीत बोलतो, भांडतो मात्र तमिळमध्ये.

गेल्या दसऱ्याला शाळेच्या मैदानावर या पठ्ठ्यानं गोल मारला आणि कोपऱ्यात पळत जाऊन बोटं दाखवली: तीन, एक, एक. विट्याचा पिनकोड ४१५३११. मूळ खूण बार्सिलोनाचा फुटबॉलपटू लामिन यमाल याची. तो गोल केल्यावर ३०४ दाखवतो, कारण तो वाढला त्या माटारो गावातल्या रोकाफोंडा वस्तीचा पोस्टाचा क्रमांक ०८३०४. कोइम्बतूरला जन्मलेल्या पोरानं विट्याचा आकडा का धरला, हे त्याला विचारलं तर खांदे उडवतो.

रात्री आईला त्यानं मोबाइलवर यमालचे गोल दाखवले. आई म्हणाली, "ह्यो पोरगा नेमका कुठला रं?"

"स्पेनचा."

"आन् बाप?"

"मोरोक्को."

"आई कुठली?"

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, इक्वेटोरियल गिनी, गाव बाटा.

"बाटा? चपलाचं?"

तिला उत्तर द्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

यमालचा जन्म १३ जुलै २००७ चा, बार्सिलोनाला लागून असलेल्या एस्प्लुगेस दे योब्रेगातचा. वडील मुनीर नसरावी यांचं घराणं उत्तर मोरोक्कोतल्या लाराशचं. हा पट्टा १९१२ ते १९५६ स्पेनच्या संरक्षणाखाली होता. आई शीला एबाना यांचा इक्वेटोरियल गिनी तर १९६८ पर्यंत स्पेनची वसाहतच होती, तिथं आजही स्पॅनिश चालते. म्हणजे दोन टोकांची दोन माणसं कॅटलोनियात भेटली यात नशिबाचा वाटा असेल, पण दोघांच्या वाटा आधीच मळलेल्या होत्या. स्पेनच्या नागरिकत्वाच्या कायद्यातही हा इतिहास उतरलाय. गिनीच्या माणसाला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, मोरोक्कोच्या माणसाला दहा वर्षं थांबावं लागतं. स्पेनच्या जमिनीवर जन्मलेल्या त्यांच्या लेकराला मात्र एक वर्ष पुरतं.

त्याचं पूर्ण नाव लामिन यमाल नसरावी एबाना. शेवटची दोन आडनावं, एक बापाचं आणि एक आईचं. स्पेनमध्ये ही जुनी रीत आहे. आपल्याकडं सरकारी कागदावर मुलाच्या नावानंतर आईचं नाव लावायचा नियम १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी आला, आणि तोही आईच्या पहिल्या नावाचा. तिच्या माहेरचं आडनाव अजून कागदाबाहेरच आहे.

खेळाची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. २९ एप्रिल २०२३ ला, पंधरा वर्षं नऊ महिन्यांचा असताना, बार्सिलोनाच्या मुख्य संघातून तो रेआल बेतिसविरुद्ध उतरला. मेस्सी त्याला बाळपणी अंघोळ घालतानाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, तो इथं सोडून देऊ. २०२४ च्या युरो स्पर्धेत तो सामन्यांच्या मधल्या वेळात शाळेचा अभ्यास करत होता. त्यांची ती परीक्षा म्हणजे साधारण आपली दहावी. ९ जुलैला उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध त्यानं पेनल्टी क्षेत्राबाहेरून वळवून मारलेला चेंडू खांबाला घासून आत गेला. तेव्हा तो सोळा वर्षं ३६२ दिवसांचा होता. सतरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी स्पेननं इंग्लंडला २-१ हरवून चषक नेला.

पण देश कोणता निवडायचा, हे त्याआधी वर्षभर गाजत होतं. मोरोक्कोच्या फुटबॉल संघटनेनं त्याच्यासाठी जोर लावला होता, आणि त्यांचा शब्द हलका नव्हता. २०२२ च्या विश्वचषकात त्यांच्या २६ जणांपैकी १४ जण देशाबाहेर जन्मलेले होते आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. वाटेत त्यांनी स्पेनलाच पेनल्टीवर घरी धाडलं. शेवटची पेनल्टी अश्रफ हकीमीनं अलगद मधोमध टाकली, आणि हकीमी जन्मला कुठं, तर माद्रिदमध्ये.

असं देश निवडणं पूर्वी फार सैल होतं. लुईस मोंती १९३० चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून हरला आणि १९३४ चा इटलीकडून जिंकला. दि स्तेफानो अर्जेंटिनाकडून खेळला, मग स्पेनकडून. हंगेरीसाठी ८४ गोल केलेला पुश्कास १९६२ च्या विश्वचषकात स्पेनच्या जर्सीत होता. १९५८ ला ब्राझीलसोबत विश्वविजेता झालेला अल्ताफिनी त्याच १९६२ मध्ये इटलीकडून उतरला. हे अतीच झालं, आणि त्यानंतर फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, दार लावलं: एका देशाकडून खेळलात की दुसरा नाही.

दार पुन्हा किलकिलं झालं २००४ मध्ये. वयोगटातल्या संघांतून एका देशाकडून खेळलेल्या मुलाला २१ व्या वर्षापर्यंत एकदा देश बदलायची मुभा मिळाली. त्याच वर्षी कतारनं जर्मनीत गोलांचा सपाटा लावणाऱ्या ब्राझीलच्या आयल्टनला पैसे देऊन आपल्याकडं ओढायचा प्रयत्न केला. मग फिफानं टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढावी तशी कसोटी ठरवली. नवा पासपोर्ट घेतलेल्याला तो देश आपला म्हणायचा तर जन्म तिथला हवा, नाहीतर आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणी तिथं जन्मलेलं हवं, तेही नसेल तर तिथं दोन वर्षं राहिलेलं हवं. २००८ मध्ये दोनाची पाच वर्षं झाली.

मला यातलं आजी-आजोबांचं कलम फार आवडतं. त्यात बापाकडचे आणि आईकडचे असा भेद नाही. आपण "मूळ गाव कुठलं" विचारतो तेव्हा फक्त बापाचं गाव मोजतो. आजोळ सुट्टीत आंबे खायला. फिफाच्या कागदावर आजोळाला तेवढंच वजन आहे.

तरी या नियमानं एकाला चांगलंच पोळलं. मुनीर अल हद्दादी, माद्रिद भागातला, बाप मोरोक्कोचा, बार्सिलोनाच्याच अकादमीत घडलेला. ८ सप्टेंबर २०१४ ला, १९ व्या वर्षी, स्पेननं त्याला मॅसिडोनियाविरुद्धच्या युरो पात्रता सामन्यात शेवटची १३ मिनिटं उतरवलं आणि नंतर कधी बोलावलंच नाही. मोरोक्कोला तो हवा होता, त्यालाही जायचं होतं. मैत्रीपूर्ण सामन्यानं देश पक्का होत नाही, पण हा सामना मैत्रीपूर्ण नव्हता, म्हणून ती १३ मिनिटं गळ्यात अडकली. क्रीडा लवादानंही २०१८ मध्ये नकार दिला आणि रशियातला विश्वचषक हुकला. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये फिफानं नियम सैल केला. २१ व्या वर्षाआधी मुख्य संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने खेळलेले नसले, मध्ये तीन वर्षं गेली आणि विश्वचषक किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत पाय टाकलेला नसला, तर देश बदलता येईल. मुनीर २०२१ मध्ये मोरोक्कोकडून खेळला.

यमाल स्पेनकडून पहिल्यांदा उतरला त्या दिवसाची तारीखही ८ सप्टेंबर. २०२३ साल, तिबिलिसी, जॉर्जियाविरुद्ध ७-१, त्यातला एक गोल त्याचा. त्या दिवशीही दार पूर्ण बंद झालं नव्हतं. ते बंद झालं युरोच्या आधीच, स्पेनच्या मुख्य संघाकडून तो चौथा सामना खेळला तेव्हा. आता मोरोक्को नाही की गिनी नाही.

त्याच संघातल्या निको विल्यम्सच्या घरी वेगळंच झालं. आई-बाप घानाहून सहारा तुडवत स्पेनला आलेले. थोरला इन्याकी बिल्बाओत जन्मला. तो २०१६ मध्ये स्पेनकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि २०२२ मध्ये घानाकडं गेला. धाकटा निको स्पेनकडंच राहिला. एकाच ताटात जेवलेले भाऊ कतारच्या विश्वचषकात दोन वेगळ्या देशांकडून खेळले. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्यात तर भाऊ-भाऊ एका बांधावरनं कोर्टात जात्यात." ते एक असो.

आपल्या देशात हा सगळा नियम निम्मा निकामी ठरतो, कारण फिफा आजोबा विचारते आणि भारत पासपोर्ट. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वखुशीनं दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. परदेशस्थ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि डिसेंबर २००८ पासून केंद्राच्या धोरणानुसार भारताकडून फक्त नागरिकच खेळू शकतो. म्हणून इझुमी अराताला जपानी पासपोर्ट सोडावा लागला. आई जपानी, वडील गुजराती, आणि खेळायचा पुणे एफसीकडून. पुण्यात नोकरीला असताना मी त्याला बालेवाडीत पाहिलंय. स्टेडियम मोकळंच असायचं. नागरिकत्व घेतल्यावर त्यानं नीलकंठ खंबोळजा हे नाव लावलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून उतरला तेव्हा तिशी गाठली होती.

त्यानंतर हे पाऊल उचलणारा बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स. पर्थचा, आई मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन, आणि आईचे वडील मुंबईकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांमधली फुटबॉल स्पर्धा, खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून २०१९ मध्ये तो एकच सामना खेळला होता, तोही मैत्रीपूर्ण, त्यामुळे वाट मोकळी होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून त्यानं भारताचा पासपोर्ट घेतला आणि शिबिरात दाखल झाला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशविरुद्ध सामना होता. देश बदलाची मंजुरी वेळेत आली नाही, आणि त्या दिवशी त्याला खेळता आलं नाही.