अकबराच्या टांकसाळीत रुपये पाडून घ्यायचे तर: पात्रता, नोंदी, खर्च आणि बट्टा

बादशहा आपल्या खजिन्यातली चांदी काढून रुपये पाडायचा आणि ते बाजारात यायचे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात मुघल टांकसाळीत बरीचशी चांदी व्यापारीच आणत. बादशहाच्या हातात असायचे ते नाण्याचं वजन, कस आणि ठसा. खालची बरीचशी पद्धत आणि आकडे अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या 'आईन-इ-अकबरी'तले, म्हणजे 1590 च्या दशकातले आहेत.

मापं आधी लक्षात घ्या. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. 25 जितलांचा दाम (तांब्याचं नाणं), 40 दामांचा रुपया. रुपयाचं वजन साडेअकरा मासे.

कोण आणि कुठे

ज्याच्याकडे चांदी आहे तो कोणीही पात्र. लगड (चांदीची वीट) चालते, परदेशी नाणी चालतात, मागच्या राजवटींची नाणीही चालतात. ती वितळवायचीच असतात. टांकसाळ मात्र बघून निवडावी लागते. सोन्याची मोहर पाडायची मुभा फक्त राजधानी, बंगाल, अहमदाबाद आणि काबूल इथे. चांदीसाठी या चारांखेरीज आणखी दहा टांकसाळी, त्यांत सुरत, उज्जैन, आग्रा, दिल्ली, लाहोर. आणखी 28 गावांत निव्वळ तांब्याचं काम. तांबड्या समुद्राच्या व्यापारातून स्पॅनिश रियाल (चांदीची नाणी) घेऊन आलेल्याला सुरत सोयीची.

नोंदी कोणाकडे

अर्जाच्या नमुन्याचा उल्लेख आईनमध्ये नाही. कारखान्यावर प्रमुख अधिकारी दारोगा, कस ठरवायला सराफ. या दोघांच्या मदतीला अमीन, आणि त्यांच्यात वाद झाला तर तो मिटवणाराही तोच. रोजचा खर्च रोजकीर्दीत लिहितो मुश्रीफ, पैसा सांभाळतो तहवीलदार. सराफाने वाईट कस चांगला म्हणून लावला तर मुश्रीफाची कीर्द आणि तहवीलदाराची शिल्लक यांनाही त्यात सामील व्हावं लागेल, अशी ही मांडणी आहे. भेसळ रोखायला शिक्षेच्या धाकापेक्षा हीच जास्त कामाची.

चांदी चोख करणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जमिनीत खड्डा करून त्यात थोडं रानशेण, वर बाभळीच्या लाकडाची राख भरतात. ती ओली करून तिला ताटलीचा आकार देतात. त्यात हिणकस चांदी, आणि हिणाच्या प्रमाणात शिसं. शिसं एकदम घालायचं नाही. आधी चौथा हिस्सा चांदीवर ठेवायचा, भोवती कोळसे रचून भाता मारायचा, वितळलं की पुढचा हिस्सा. असं साधारण चार वेळा. चांदी विजेसारखी चमकली आणि कडेने घट्ट होऊ लागली की झाली. मधला भाग घट्ट होताच पाणी शिंपडतात, तेव्हा शिंगांसारख्या ज्वाळा उठतात.

ही चकती पुन्हा वितळवली की तोळ्यामागे अर्धी गुंज जळते, म्हणजे 100 तोळ्यांत 6 मासे 2 गुंजा. ही घट धरूनच हिशेब मांडायचा. राखेत उरलेलं धुऊन काढणारे झारेकरी वेगळे.

पुढे चाशनीगीर कस तपासतो, जर्राब चांदीच्या गोल चकत्या कापतो, आणि सिक्कची दोन ठशांमध्ये चकती ठेवतो, त्यावर हातोड्याचा घाव बसतो.

खर्चाचा हिशेब

आईनमधलं उदाहरण असं: 950 रुपयांना 969 तोळे 9 मासे 4 गुंजा चोख चांदी घेतली. ओततानाच 5 तोळे सव्वापाच गुंजा जळाली. उरल्याचे रुपये पडले 1006, वर साडेसत्तावीस दामांची चांदी. त्यातून कारागिरांचे 2 रुपये 22 दाम 12 जितल; यात एकट्या जर्राबाचे 2 रुपये 1 दाम. कोळसा 10 दाम, पाणी 15 जितल. सरकारचे 50 रुपये 13 दाम. व्यापाऱ्याच्या हाती नफा 3 रुपये 21 दाम साडेदहा जितल, म्हणजे शेकडा अर्धा रुपयाही नाही. हिणकस चांदी स्वस्तात घेऊन घरीच चोख केली तर नफा बराच वाढतो, हे आईनही सांगतं.

सरकार उघडपणे शेकडा 5 घेत होतं, म्हणून नाण्यात तांबं मिसळायची गरज त्याला फारशी नव्हती. लोदींचे सिकंदरी टंके चांदी-तांब्याच्या मिश्रणाचे. त्यांचा कस नुसत्या नजरेने कळत नसे. ही पद्धत शेरशहाने (1540–45) मोडली, चांदीचा रुपया आणि तांब्याचा पैसा वेगळे केले. अकबराने तीच घडी पुढे चालवली.

बट्टा कुठे बसतो

बट्टा म्हणजे नाण्याच्या किमतीतली कपात. ती दोन ठिकाणी बसते. झिजलेल्या किंवा कातरलेल्या नाण्याला वजनाप्रमाणे बट्टा, आणि घट ठराविक मर्यादेपलीकडे गेली की ते नाणं राहत नाही, नुसती चांदी म्हणून घेतलं जातं. दुसरा बट्टा वयाचा, आणि नवखा फसतो तो इथेच. ताजा रुपया 'सिक्का', चालू बादशहाच्याच मागच्या वर्षांचा 'चलनी', आधीच्या बादशहांचा 'खजाना'. वजन पुरं असलं तरी बाजारातला सराफ चलनीला कमी भाव देतो. म्हणून पाडून घेतलेले रुपये त्याच वर्षात देण्याघेण्यात काढावेत. जुने रुपये पुन्हा टांकसाळीत न्यायचे तर सरकारी हिस्सा, मजुरी आणि जळीत मिळून शेकडा पावणेसहाच्या वर जातात. बट्टा त्याहून कमी असेल तर तो मुकाट्याने सोसून नाणं सराफालाच द्यावं.