पडद्याच्या कडेआड गेलेले चित्र : जुने व्हिडिओ गेम, जुने टीव्ही आणि ओव्हरस्कॅन

जुना गेम कन्सोल पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडला की पुष्कळदा गुणांच्या आकड्यांचा वरचा भाग दिसत नाही, डाव्या कडेचे चिन्ह अर्धेच उमटते आणि खेळातल्या पात्राच्या पायाखालची जमीन पडद्याच्या खाली निघून गेलेली असते. टीव्ही बिघडला असावा किंवा केबल सदोष असावी, अशी शंका येणे साहजिक आहे. पण बहुतेक वेळा यांतले काहीच झालेले नसते. कन्सोल पूर्ण चित्र पाठवत असतो आणि टीव्ही ते पूर्ण रेखाटतही असतो, फक्त त्या रेखाटनाचा बाहेरचा पट्टा काचेच्या दिसणाऱ्या भागापलीकडे पडतो. या व्यवस्थेला ओव्हरस्कॅन म्हणतात. ती टीव्ही बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती का ठेवली हे समजून घेतल्याशिवाय ती दुरुस्त करायला जाणे हिताचे नाही.

पिक्चर ट्यूबमध्ये मागच्या बाजूने निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतो आणि आदळेल तेथे प्रकाश उमटतो. ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह सोडला जातो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे हा झोत डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरतो. एका रेषेसाठी सुमारे ६४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यांपैकी साधारण ५२ मायक्रोसेकंद चित्राचे असतात आणि उरलेला वेळ झोत पुन्हा डाव्या कडेला आणण्यात जातो. हे चित्र काचेवर किती सेंटीमीटर रुंद आणि किती उंच उमटावे, हे मात्र सिग्नलमध्ये कोठेही सांगितलेले नसते. ते कॉइलमधल्या प्रवाहाच्या चढउतारावर आणि झोताच्या वेगावर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी सुट्या भागांच्या अचूकतेवर, तापमानावर, घरातल्या विजेच्या दाबावर आणि संचाच्या वयावर अवलंबून असतात.

यातले एक कारण विशेष लक्ष देण्याजोगे आहे. रंगीत पिक्चर ट्यूबच्या पुढच्या भागाला सुमारे २५,००० व्होल्टचा दाब दिलेला असतो आणि त्याच्या ओढीने इलेक्ट्रॉन वेग घेतात. पडद्यावर अचानक पांढरेशुभ्र दृश्य आले की झोतातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, उच्च दाबाच्या मंडलावर भार पडतो आणि हा दाब थोडा उतरतो. दाब उतरला की इलेक्ट्रॉनांचा वेग कमी होतो आणि मंद इलेक्ट्रॉन तेवढ्याच चुंबकीय क्षेत्रात अधिक वळतात, त्यामुळे चित्र सगळीकडून फुगते. चुंबकीय वळण दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे बाकी सर्व तसेच राहिले तर दाब ५ टक्क्यांनी उतरल्यास चित्र सुमारे अडीच टक्क्यांनी मोठे होते. स्फोटाच्या दृश्यात जुन्या टीव्हीवरचे चित्र क्षणभर ‘श्वास घेतल्यासारखे’ वाटते ते यामुळेच. चित्राची कड काचेच्या आत ठेवली असती तर ही हालचाल प्रेक्षकाला सतत दिसत राहिली असती. म्हणून तसबिरीच्या चौकटीखाली चित्राची कड दाबून बसवतात तशी टीव्हीच्या चित्राची कडही चौकटीआड सरकवली गेली.

प्रक्षेपण करणाऱ्यांनी ही गोष्ट गृहीत धरूनच आपले नियम आखले. अमेरिकेतल्या चित्रपट व टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएमपीटीईने, महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्के रुंदी-उंचीत आणि वाचायचा मजकूर मधल्या ८० टक्क्यांत ठेवावा अशी शिफारस केली होती. सपाट पडद्यांच्या काळात ही मर्यादा सैल करून अनुक्रमे ९३ आणि ९० टक्के करण्यात आली. याचा अर्थ असा की पिक्चर ट्यूबच्या काळात प्रत्येक बाजूने ५ टक्के चित्र गेले तरी ते ठीकच मानले जात होते.

गेम बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होते, आणि त्यांनी या लपलेल्या पट्ट्याचा उपयोग करून घेतला, हा या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे. १९७७ सालच्या अटारी २६०० मध्ये अख्खे चित्र साठवून ठेवण्याइतकी मेमरीच नव्हती, त्यामुळे त्याचा प्रोसेसर झोताच्या बरोबरीने धावत एकेक रेषा तयार करत असे. एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानमधल्या टीव्ही पद्धतीच्या, २६२ रेषांची विभागणी प्रोग्रॅमरसाठी अशी सांगितलेली होती : ३ रेषा उभ्या सिंकच्या (झोताला पुन्हा वर जाण्याची खूण देणाऱ्या), ३७ रिकाम्या, १९२ चित्राच्या आणि शेवटच्या ३० ओव्हरस्कॅनच्या. टक्कर झाली का, गुण किती झाले, शत्रू कोणीकडे वळला, हा सगळा विचार चित्र रेखाटत नसलेल्या त्या रिकाम्या रेषांच्या वेळातच उरकावा लागे. प्रेक्षकाला न दिसणारा भाग हा त्या यंत्राचा विचार करण्याचा वेळ होता.

निन्टेन्डोच्या आठ-बिट कन्सोलमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपाने आढळते. तो २५६ गुणिले २४० पिक्सेलचे चित्र काढतो, पण एनटीएससी टीव्हीवर वरच्या आणि खालच्या आठ-आठ रेषा सहसा दिसत नाहीत असे धरून २२४ रेषांचाच भरवसा मानला जाई. पार्श्वभूमीचे तुकडे ८ पिक्सेलचे आणि रंग मात्र १६ पिक्सेलच्या चौकोनांना दिलेले, असा त्याचा हिशेब असल्यामुळे चित्र सरकत असताना कडेला नव्याने येणाऱ्या तुकड्यांना काही काळ चुकीचे रंग लागू शकत. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये उजव्या कडेला हे चुकीचे रंग स्पष्ट दिसतात, आणि डावीकडचा ८ पिक्सेलचा पट्टा तर झाकूनच टाकलेला आहे. टीव्ही ही कड कापेल या विश्वासावर हा खेळ रचलेला आहे. म्हणून ओव्हरस्कॅन पूर्ण काढून टाकून शेवटचा पिक्सेलही दिसला पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्याच्या वाट्याला अनेकदा खेळकर्त्यांनी झाकून ठेवलेला कचराच येतो. कापलेली कड किती परत आणायची याचे योग्य माप खेळाने स्वतः सुरक्षित मानलेला भाग हे आहे. गुण, जीव आणि मजकूर पूर्ण दिसले की तेथे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आडव्या आणि उभ्या दिशेत एक फरकही आहे. निन्टेन्डोच्या या कन्सोलचे २५६ पिक्सेल एका रेषेत सुमारे ४७.७ मायक्रोसेकंदांत काढले जातात. सेगा मेगा ड्राइव्हचे ३२० पिक्सेल अधिक वेगाने काढले जात असल्यामुळे त्यांनाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. एनटीएससी रेषेचा चित्रासाठीचा वेळ ५२.६ मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो. म्हणजे आडव्या दिशेत मुख्य चित्राने मुळातच सुमारे ९० टक्के जागा व्यापलेली असते आणि दोन्ही बाजूंना मोकळीक राहते. उभ्या दिशेत मात्र २४० रेषा उपलब्ध जागा जवळजवळ पूर्ण भरतात. त्यामुळे नीट जुळवलेल्या टीव्हीवरही वरचा आणि खालचा भाग आधी जातो. याउलट उजवी किंवा डावी एकच बाजू ठळकपणे कापली जात असेल, तर दोष बहुधा चित्राच्या आकाराचा नसून ते एका बाजूला सरकल्याचा असतो.

दुरुस्तीची सुरुवात नेहमी सर्वांत सोप्या जागेपासून करावी. सोळास नऊ आकाराच्या टीव्हीवर झूमचा पर्याय चालू राहिला असेल तर चारास तीनचे चित्र रुंदी भरेपर्यंत ताणले जाते आणि त्याच्या उंचीचा एक चतुर्थांश भाग जातो. हे ओव्हरस्कॅन नव्हे, आणि रिमोटवरचे एक बटण दाबून ते सुटते. त्यानंतर खेळाच्या स्वतःच्या पर्यायांत पाहावे. प्लेस्टेशनच्या काळातल्या अनेक खेळांत चित्र वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय आहे. ती वापरल्याने टीव्हीला हात लावावा लागत नाही आणि इतर यंत्रांची जुळणीही बिघडत नाही.

एवढ्याने भागले नाही तर आधी मोजमाप करावे. जुन्या कन्सोलसाठी ‘२४०पी टेस्ट सूट’ नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. त्यातल्या ओव्हरस्कॅनच्या चाचणीत चारही बाजूंनी कड एकेक रेषेने आत आणता येते आणि ती दिसू लागली की त्या बाजूला नेमके किती पिक्सेल कापले जातात ते कळते. त्यातल्या जाळीच्या चित्रावरून चौकोन सर्वत्र सारखे आहेत का, कडा वाकल्या आहेत का, हेही दिसते. मोजण्यापूर्वी टीव्ही अर्धा तास तरी चालू ठेवावा, कारण थंड संचाचा आणि तापलेल्या संचाचा आकार एक नसतो.

नंतरच्या काळातल्या पिक्चर ट्यूब टीव्हींत आकाराची आणि जागेची जुळणी सर्व्हिस मेनूमध्ये असते. रिमोटवरची ठरावीक बटणे ठरावीक क्रमाने दाबली की तो उघडतो, आणि हा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. आत आडवा आकार, उभा आकार, आडवी जागा, उभी जागा, कडांचा बाक अशी मूल्ये असतात. कोणतेही मूल्य बदलण्याआधी मूळचे सगळे आकडे कागदावर उतरवून घेणे अत्यावश्यक आहे, कारण त्याच मेनूमध्ये अशीही मूल्ये असतात की जी चुकीची बदलली तर चित्र मुळीच येत नाही. आधी चित्र मध्यभागी आणावे आणि मग आकार कमी करावा. क्रम उलटा केला तर दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात. ५० आणि ६० हर्ट्झ या दोन्ही पद्धती चालवणाऱ्या संचांत दोन्हींसाठी ही मूल्ये बहुधा स्वतंत्रपणे साठवलेली असतात, म्हणून ज्या पद्धतीचा खेळ खेळायचा असेल तोच सिग्नल देऊन जुळणी करावी. आकार फार कमी केला तर चित्राचे वाकडे काठ आणि वर सांगितलेले फुगणे डोळ्यांसमोर येते, त्यामुळे प्रत्येक बाजूला दोन-तीन टक्के चित्र चौकटीआड राहू देणे शहाणपणाचे ठरते.

लहान आकाराच्या अनेक संचांत आडव्या आकाराचे मूल्य मेनूमध्ये असतच नाही, आणि त्याहून जुन्या संचांत तर सगळी जुळणी आतल्या फिरवण्याच्या स्क्रूंनी करावी लागते. तेथे सामान्य वाचकाने थांबावे. टीव्हीचे मागचे झाकण काढल्यावर जो उच्च दाब समोर येतो तो संच बंद करून प्लग काढल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये बराच काळ साठून राहू शकतो, आणि तो जीवघेणा आहे. हे काम ट्यूब सुरक्षितपणे डिस्चार्ज करता येणाऱ्या जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे. चित्राचा आकार दिवसेंदिवस बदलत असेल, वरचा भाग दुमडल्यासारखा दिसत असेल किंवा उजेडाबरोबर आकार फार हलत असेल, तर तो ओव्हरस्कॅन नसून सुकलेल्या कपॅसिटरसारखा खरा बिघाड असू शकतो, आणि त्यासाठीही मेकॅनिकच लागेल.

संगणकावरून किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डवरून जुने खेळ पिक्चर ट्यूबवर चालवणाऱ्यांना आणखी एक मार्ग उपलब्ध असतो, तो म्हणजे सिग्नलच बदलण्याचा. आडवी रुंदी म्हणजे शेवटी वेळ आहे, त्यामुळे तेच पिक्सेल ५२ ऐवजी ४८ मायक्रोसेकंदांत पाठवले की टीव्हीला हात न लावता चित्र सुमारे ८ टक्के अरुंद होते आणि एकही पिक्सेल बिघडत नाही. उभ्या दिशेत ही युक्ती चालत नाही, कारण रेषा मोजून तेवढ्याच असतात. चारही बाजूंना काळी पट्टी सोडून आत चित्र आकसवणारे ओव्हरस्कॅनचे पर्याय असतात, पण ते २४० रेषांचे चित्र कमी रेषांत बसवतात. मग काही रेषा गळतात किंवा एकमेकींत मिसळतात आणि अक्षरे विद्रूप होतात. मेनू वाचण्यापुरते हे चालेल, खेळण्यासाठी उभा आकार टीव्हीवरच कमी करणे चांगले.

पिक्चर ट्यूब गेली तरी सवय गेली नाही. सुरुवातीच्या सपाट टीव्हींमध्ये झोत नव्हता, फुगणारे चित्रही नव्हते, तरी कड कापण्याची प्रथा चालू राहिली. प्रक्षेपणाच्या कडेला नको असलेल्या गोष्टी असत, हे त्यामागचे एक कारण. अमेरिकेत क्लोज्ड कॅप्शनची, म्हणजे पडद्यावर संवाद लिहून दाखवण्याची, माहिती २१व्या रेषेत पाठवली जाई आणि पूर्ण चित्र दाखवल्यास ती वरच्या कडेला लुकलुकणाऱ्या पांढऱ्या तुकड्यांसारखी दिसे. अशा टीव्हीने १९२० गुणिले १०८० च्या चित्राची प्रत्येक बाजू अडीच टक्क्यांनी कापली तर १८२४ गुणिले १०२६ पिक्सेल उरतात आणि तेच पुन्हा पूर्ण पडद्यावर ताणले जातात. कड तर जातेच, शिवाय जुन्या खेळांतले समान चौकोनी पिक्सेल कुठे रुंद, कुठे अरुंद आणि एकंदर धूसर होतात. येथे उपाय सोपा आहे, कारण मेनूमध्ये तो निरनिराळ्या नावांनी दिलेला असतो : जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल, डॉट बाय डॉट. काही संचांत एचडीएमआय इनपुटला पीसी असे नाव दिले की कापणे बंद होते. हा पर्याय अनेक संचांत फक्त १०८० रेषांच्या सिग्नललाच मिळतो, म्हणून जुना कन्सोल थेट ॲनालॉग इनपुटला जोडण्याऐवजी मध्ये चांगला स्केलर, म्हणजे चित्राच्या रेषा वाढवून देणारे यंत्र, बसवून १०८० रेषांचा सिग्नल देणे फायद्याचे ठरते.

अशा स्केलरवर किंवा इम्युलेटरवर (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) पूर्णांक पटीचा पर्याय निवडताना पुन्हा कड कापण्याचाच प्रश्न समोर येतो. २४० रेषा चौपट केल्या तर ९६० होतात आणि वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. पाचपट केल्या तर १२०० होतात आणि १२० रेषा बाहेर जातात. या १२० म्हणजे मूळ चित्राच्या वरच्या १२ आणि खालच्या १२ रेषा, म्हणजेच प्रत्येक बाजूला ५ टक्के. पिक्चर ट्यूबच्या काळात प्रक्षेपणाच्या नियमांप्रमाणे जेवढी कड गेली तरी चाले, नेमकी तेवढीच. त्यामुळे बहुतेक खेळ पाचपट निर्धास्तपणे खेळता येतात, आणि ज्या मोजक्या खेळांत गुण अगदी काठाला लिहिलेले आहेत तेवढ्यांसाठी चित्र काही रेषांनी खाली सरकवावे किंवा चौपटीवर यावे.